रक्ताची ‘गुठळी’ : एक शब्द, अनेक अर्थ

वैद्यकाच्या व्यवसायात औषधाची मात्रा जितकी जपून द्यावी लागते, तितकाच शब्दही जपून द्यावा लागतो. औषधाची मात्रा चुकली तर ती निदान कागदावर सापडते. शब्द चुकला तर तो रुग्णाबरोबर त्याच्या घरी जातो, नातेवाइकांत फिरतो आणि पुढच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो त्याचा अर्थ पार बदललेला असतो. आपल्या बऱ्हाणपुरात रोज कानांवर पडणारा असा एक शब्द म्हणजे ‘गुठळी’. या शब्दाच्या वापराविषयी चार विचार आपल्या वैद्यकबंधू-भगिनींसमोर आणि समाजातील सुज्ञ वाचकांसमोर ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर एकाच सकाळी चार माणसे बसलेली असू शकतात. एकाच्या हाती रक्ततपासणीचा अहवाल आहे, त्यात शेरा आहे ‘प्लेटलेट क्लम्प्स सीन’. दुसऱ्याच्या अहवालावर ‘क्लॉटेड सॅम्पल’ असे लिहिले आहे. तिसऱ्याच्या आईसाठी आणलेली रक्ताची पिशवी ‘जुळली नाही’ म्हणून परत गेली आहे. चौथ्याच्या वडिलांना पहाटे अर्धांगाचा झटका आला असून ‘डोक्यात गुठळी आहे’ असे कोणीतरी सांगितले आहे. चौघेही घरी जाऊन एकच वाक्य सांगणार : ‘रक्तात गुठळ्या झाल्यात.’ वस्तुतः पहिल्याच्या शरीरात गुठळीच नाही. दुसऱ्याला फक्त पुन्हा एकदा रक्त द्यायचे आहे. तिसऱ्याला दुसरी पिशवी शोधायची आहे. आणि चौथ्याच्या बाबतीत एकेक मिनिट मोलाचे आहे. इतक्या भिन्न गोष्टी जेव्हा एकाच शब्दाच्या पोटात शिरतात, तेव्हा घाबरायला नको तो घाबरतो आणि ज्याने धावायला हवे तो घरी बसून राहतो.

स्वयंपाकघराला ठाऊक असलेला भेद

या गोष्टींतील भेद समजण्यास फार मोठ्या शास्त्राची गरज नाही. तो आपल्या माजघरात रोज घडतो. पिठल्यात पीठ नीट कालवले गेले नाही तर गुठळ्या होतात. भोवतीचे पाणी पाणीच राहते, पिठाचे कण मात्र एकमेकांना चिकटून गोळे बनतात. याउलट दुधाला विरजण लावले की सबंध दुधाचेच रूप पालटते. पातळ पदार्थ घट्ट होतो आणि त्याची कवडी पडते. पहिली क्रिया कणांच्या चिकटण्याची आहे, तर दुसरी द्रवाच्याच थिजण्याची.

रक्तातही असेच आहे. तांबड्या पेशी प्रतिपिंडांमुळे एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात, त्या क्रियेला इंग्रजीत ‘ॲग्लुटिनेशन’ आणि मराठी परिभाषेत ‘समूहन’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दात सरसाचा अर्थ आहे. सुताराने सरस लावून दोन फळ्या जोडाव्यात, तशा प्रतिपिंडाच्या दुव्याने पेशी जोडल्या जातात. रक्तद्रव मात्र द्रवच राहतो. ‘कोॲग्युलेशन’ म्हणजे ‘क्लथन’ ही याहून वेगळी क्रिया. तिच्यात रक्तद्रवातील फायब्रिनोजेन या विरघळलेल्या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे तयार होतात, धाग्यांची जाळी विणली जाते आणि त्या जाळीत पेशी अडकतात. पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलेल्या आपल्या गावाला हे सांगायला सोपे आहे : क्लथनात सूत कातले जाते व कापड विणले जाते; समूहनात एकही धागा निघत नाही, नुसती सुट्या मण्यांची चिकटाचिकटी होते.

याचा पुरावा प्रयोगशाळेत रोज मिळतो. जांभळ्या टोपणाच्या नळीत जे रसायन असते ते रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे त्या नळीतील रक्त साकळत नाही. पण त्याच न साकळणाऱ्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन त्यात योग्य प्रतिपिंड मिसळले, की क्षणार्धात लाल कणांचे पुंजके डोळ्यांना दिसू लागतात. क्लथन पूर्ण थांबलेले असतानाही समूहन होते. दोन्ही क्रिया एकच असत्या तर हे घडलेच नसते.

आणखी एक प्रकार सांगून ही यादी पुरी करतो. रक्तात काही प्रथिने वाढली की तांबड्या पेशी एकावर एक रचल्या जातात, जशी दुकानदाराच्या गल्ल्यावर नाण्यांची चवड. सूक्ष्मदर्शकाखाली नवख्याला हेही समूहन वाटते. पण मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला की चवड मोडते आणि खरे समूहन मोडत नाही. मराठीत ‘चवड’ हा शब्द यासाठी आयताच तयार आहे.

मुंबईचे नाव जगभर नेणारी चाचणी

समूहन ही प्रयोगशाळेतील किरकोळ बाब आहे असे कोणी समजू नये. १८९६ साली फर्नांड विडाल यांनी विषमज्वराच्या रुग्णाच्या रक्तद्रवाने त्या रोगाच्या जंतूंचे पुंजके होतात हे निदानासाठी वापरले. आज गल्लीबोळांत होणारी ‘विडाल’ ती हीच. पुंजके दिसले याचा अर्थ रक्तात प्रतिपिंडे आहेत, एवढाच होतो. ती आजच्या तापाची की मागील कोणत्या प्रसंगाची, हे ठरविण्यास डॉक्टरांची बुद्धी लागते. ‘गुठळी दिसली म्हणजे टायफॉइड’ हे समीकरण किती जणांना उगाच औषधे घ्यायला लावते, हे आपण सारे जाणतो.

त्यानंतर व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी निरनिराळ्या निरोगी माणसांचे रक्तद्रव आणि तांबड्या पेशी एकमेकांत मिसळून पाहिल्या. काही मिश्रणांत पुंजके झाले, काहींत झाले नाहीत. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या या साध्या निरीक्षणातून रक्तगट जन्मास आले आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे आपण ज्याला ‘रक्तगट’ म्हणतो, तो मुळात समूहन होते की नाही याचाच निर्णय आहे.

या कथेत आपल्या मुंबईचेही एक मानाचे पान आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाचे वर्णन केले. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ‘ओ’ गटाचे वाटते, कारण त्याच्या पेशींचे समूहन होत नाही. परंतु त्याच व्यक्तीचा रक्तद्रव ‘ओ’ गटाच्या पेशींचेही पुंजके करतो, कारण ‘ओ’ रक्तात असणारा ‘एच’ हा प्रतिजनच या व्यक्तीत नसतो. अशा माणसाला ‘ओ’ रक्त दिले तर जीव धोक्यात येतो. त्याला त्याच गटाचे रक्त हवे. आज तो जगभर ‘बॉम्बे’ गट म्हणून ओळखला जातो. भारतात तो सुमारे दहा हजारांत एकाला असतो असे मानले जाते. मुंबईच्या डॉक्टरांनी काचेवरील पुंजक्यांकडे नीट पाहिले म्हणून हे उमगले. ‘ओ तर सर्वांना चालते’ या सोप्या वाक्यावर ते थांबले असते तर उमगले नसते.

येथे एक लोकप्रिय गैरसमज दूर करायला हवा. चुकीचे रक्त चढले तर ‘शिरांत रक्त गोठते आणि माणूस मरतो’, असे पुष्कळांना वाटते. काचेवर जे पुंजके दिसतात त्यावरून केलेला हा तर्क आहे आणि ‘गुठळी’ या शब्दाने तो पक्का केला आहे. प्रत्यक्षात विजोड ‘ए’-‘बी’ गटाचे रक्त चढले तर मुख्य आघात होतो तो पेशी फुटण्याचा. फुटलेल्या पेशींतील रक्तरंजक द्रव्य बाहेर पडते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, रक्तदाब कोसळतो. म्हणून रक्त चढू लागल्यावर थंडी वाजणे, कंबर वा छाती दुखणे, लघवी लाल होणे यांपैकी काहीही जाणवले तर नातेवाइकांनी तत्काळ परिचारिकेला हाक मारावी व नळी बंद करवावी. ‘गुठळी दिसते का’ म्हणून हातावरची शीर न्याहाळत बसू नये.

या संदर्भात आपल्या बोलीने किती सुंदर शब्द घडविला आहे पाहा. ‘रक्त जुळले.’ पत्रिका जुळावी तसे. समूहन झाले नाही याला यापेक्षा नेमका लोकशब्द सापडणार नाही. तो टिकवावा.

आपल्या गावाची मिश्र बोली

बऱ्हाणपूर हे सीमेवरचे गाव. शेजारी खानदेश, एकीकडे विदर्भ, पलीकडे निमाड. घरात मराठी, बाजारात हिंदी, मोमीनपुऱ्याच्या विणकरांत उर्दू, डोंगराकडच्या पाड्यांवर कोरकू आणि बारेली. आपल्या मराठीने पिढ्यान्‌पिढ्या या साऱ्यांशी देवघेव केली आहे आणि तिच्यात त्यामुळे गोडवाच आला आहे. परंतु रक्ताच्या बाबतीत या देवघेवीने एक सापळाही रचला आहे.

हिंदीत ‘खून जमना’ म्हणजे रक्त थिजणे. मराठीत ‘जमणे’ म्हणजे गोळा होणे, साचणे. पाहुणे जमतात, गर्दी जमते, पाणी जमते. आता आपल्याकडील एखादे मराठी कुटुंब म्हणते, ‘डोक्यात रक्त जमलंय.’ याचा अर्थ काय घ्यायचा? हिंदी वळणाने घेतला तर रक्तवाहिनीत गुठळी होऊन ती बंद पडली आहे. मराठी वळणाने घेतला तर वाहिनी फुटून रक्त बाहेर साचले आहे. दोन्हींमुळे अर्धांग होऊ शकते, मात्र उपचार परस्परविरुद्ध आहेत. वाहिनी बंद पडली असेल आणि रुग्ण साडेचार तासांच्या आत योग्य ठिकाणी पोहोचला असेल, तर गुठळी विरघळविणारे औषध देता येते. तेच औषध वाहिनी फुटलेल्या रुग्णाला दिले तर मृत्यूला आमंत्रण. दोहोंतील भेद सीटी स्कॅनने कळतो आणि कोणताही जबाबदार डॉक्टर तो पाहिल्याविना औषध देत नाही, हे खरे. परंतु महिन्यानंतर कागद हरवलेले असताना, हाच रुग्ण दात काढण्यासाठी किंवा मोतीबिंदूसाठी दुसऱ्याकडे जातो, आणि ‘मागे डोक्यात रक्त जमलं होतं’ एवढेच सांगतो, तेव्हा त्याची ॲस्पिरिन चालू ठेवायची की नाही याचा निर्णय त्या एका क्रियापदावर येऊन ठेपतो.

आपल्या गावचे गंभीर रुग्ण कधी खंडव्याला, कधी इंदूरला, कधी भुसावळ-जळगावला हलतात. एका गावचा डॉक्टर हिंदीत सांगतो, दुसऱ्या गावचा मराठीत ऐकतो, आणि मध्ये निरोप नेणारा भाचा दोन्ही भाषा अर्ध्या-अर्ध्या बोलतो. त्यात भर म्हणून कोणी ‘गाठ’ म्हणते. गाठ म्हणजे गळ्यातील सुजलेली ग्रंथीही, स्तनातील अर्बुदही आणि मेंदूतील रक्ताची गुठळीही! ‘डोक्यात गाठ निघाली’ असे ऐकून कर्करोगाच्या धास्तीने खचलेली कुटुंबे कोणी पाहिली नाहीत?

आपल्याकडे कुंडी भंडाऱ्याला अनेक जण खुनी भंडारा म्हणतात. रहीम खानखानांच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या त्या जलयोजनेचे पाणी नाव बदलल्याने खारे होत नाही, आणि पर्यटकाला दोन्ही नावे ऐकून मौजच वाटते. रक्ताच्या बाबतीत मात्र नाव बदलले की उपचार बदलतो. तेथे ही मौज परवडणारी नाही.

अहवालावरील शेरे

पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटचा आकडा घराघरांत क्रिकेटच्या धावसंख्येप्रमाणे विचारला जातो. अशा वेळी यंत्राने आकडा फार कमी दाखविला आणि खाली ‘प्लेटलेट क्लम्प्स’ असा शेरा असला, तर त्याचा अर्थ बहुधा असा असतो : जांभळ्या टोपणाच्या नळीतील रसायनामुळे काही व्यक्तींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, किंवा रक्त काढताना विलंब झाल्याने त्या चिकटल्या. यंत्र पुंजक्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही, म्हणून आकडा खोटा कमी येतो. सूक्ष्मदर्शकाखाली काच पाहून किंवा वेगळ्या रसायनाच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन खरा आकडा मिळतो. हा प्रकार नळीतला आहे, शरीरातला नाही. पण हाच शेरा ‘रक्तात गुठळ्या’ म्हणून घरी पोहोचला, तर एकाच वेळी ‘प्लेटलेट कमी’ आणि ‘गुठळ्या जास्त’ अशा दुहेरी भीतीने माणूस रात्री गाडी करून मोठे शहर गाठतो. खर्च होतो तो वेगळाच.

‘क्लॉटेड सॅम्पल’ याचीही तीच कथा. नळी वेळेवर हलविली नाही म्हणून नमुना साकळला. यात रुग्णाचा दोष नाही, रोगही नाही. उलट, बाहेर काढलेले रक्त साकळणे हा निसर्गधर्मच आहे. अहवाल देणाऱ्याने मराठीत वा हिंदीत एक ओळ लिहावी, ‘नळीतील रक्त साकळले, पुन्हा नमुना द्यावा’, म्हणजे पुढचा गोंधळ टळेल.

‘रक्त पातळ करणारी गोळी’

एका गोड वाटणाऱ्या शब्दप्रयोगाने मात्र, माझ्या मते, सर्वाधिक हानी केली आहे, आणि तो आपणच, डॉक्टरांनी, रूढ केला आहे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन आदी औषधांना आपण सरसकट ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतो. यांतील एकही औषध रक्तात पाणी घालीत नाही. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाहीत. वॉरफरिन यकृतात तयार होणाऱ्या, के-जीवनसत्त्वावर अवलंबून असलेल्या क्लथन-घटकांची निर्मिती रोखते. रक्ताची दाटी जशीच्या तशी राहते.

पण मराठी माणसाच्या मनात ‘पातळ रक्त’ म्हणजे अशक्त रक्त, सत्त्व नसलेले रक्त. ज्या बाईला वर्षानुवर्षे ‘अंगात रक्त कमी आहे’ असे सांगितले गेले, तिला हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर आपण ‘रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्या’ म्हणतो. तिला ते कसे पटावे? थकवा आला की ती मनाने गोळी बंद करते. स्टेंट बसविलेला गृहस्थ उन्हाळ्यात ‘घाम येऊन रक्त आपोआप पातळ झाले’ असे समजून दोन महिने गोळी सोडतो. याचा परिणाम काय होतो हे येथे सविस्तर लिहिण्याची गरज नाही; स्टेंट अचानक बंद पडणे किती घातक, हे प्रत्येक वैद्यकाला ठाऊक आहे. ‘गुठळी होऊ न देणारी गोळी’ असे म्हटले असते तर यातील काही जणांनी तरी ती सोडली नसती. एक शब्द जास्त बोलावा लागतो, एवढाच काय तो खर्च.

भीती आणि उपकार

करोनाच्या साथीत, २०२० व २०२१ या वर्षांत, ‘डी-डायमर’ हा शब्द किराणा दुकानातही ऐकू येऊ लागला. पुढे २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोविशील्ड लशीविषयी बातम्या आल्या आणि ‘लशीने गुठळ्या होतात’ हे वाक्य वाऱ्यासारखे पसरले. लशीनंतर फार थोड्या व्यक्तींत प्लेटलेट कमी होऊन त्याच वेळी रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा विकार आढळला, हे सत्य आहे. तो लस घेतल्यानंतरच्या काही आठवड्यांतच दिसत असे, हेही तितकेच सत्य आहे. परंतु तीन वर्षांपूर्वी लस घेतलेली निरोगी माणसे डी-डायमर करून घेण्यासाठी रांगा लावू लागली. त्या सर्वांच्या मनात ‘गुठळी’ म्हणजे शरीरात दबा धरून बसलेला शत्रू, अशी प्रतिमा होती.

वास्तविक गुठळी ही प्रथम आपली रक्षक आहे. ज्या नगरीत १६३१ साली मुमताज महल चौदाव्या अपत्याच्या प्रसूतीत निवर्तली, त्या नगरीला हे वेगळे सांगायला नको. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाने तिचा अंत झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बादशहाचे वैभव तापीच्या काठी उभे होते; पण वाहते रक्त थांबविण्याचा उपाय त्या वैभवापाशी नव्हता. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावते आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त साकळते, म्हणून माता वाचते. रक्त योग्य जागी, योग्य वेळी साकळणे म्हणजे जीवन. तेच अस्थानी घडले तर रोग. हा विवेक रुग्णाला देणे हे आपले काम आहे.

शब्द आहेत, वापर नाही

मराठीला शब्द नाहीत असे म्हणण्याची सोय नाही. समूहन, क्लथन, वाहिनीच्या आत होणाऱ्या गुठळीसाठी अंतर्क्लथन, आणि ती गुठळी वाहत जाऊन दुसरीकडे अडकते त्यासाठी अंतर्कीलन, हे शब्द घडविले गेले आहेत. मराठी विश्वकोशाने ते वापरले आहेत. हिंदीतही स्कंदन, घनास्रता, अंतःशल्यता हे शब्द आहेत. परंतु हे सारे ग्रंथांत सुखाने नांदत आहेत. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे हिंदीतून एम.बी.बी.एस. शिकविण्याच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांचे प्रकाशन झाले, तेव्हाही संज्ञा बहुतांशी इंग्रजीच, फक्त देवनागरी लिपीत, ठेवण्यात आल्या. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचे असेल. पुढे त्याला जगातील ग्रंथ वाचायचे आहेत. तथापि त्यामुळे रुग्णाचा प्रश्न सुटत नाही. त्याला ‘घनास्रता’ही कळत नाही आणि देवनागरीतले ‘थ्रॉम्बोसिस’ही कळत नाही.

काही सन्मान्य सहकारी म्हणतील, ‘रुग्णाला शब्दांशी काय कर्तव्य? त्याला बरे करा म्हणजे झाले.’ युक्तिवाद आकर्षक आहे. एका भेटीत बरे होणाऱ्या आजारांना तो लागूही पडतो. परंतु ज्या आजारांत रुग्णाने घरी बसून वर्षानुवर्षे निर्णय घ्यायचे आहेत, तेथे तोच अर्धा डॉक्टर असतो. त्याला अर्धे ज्ञान चुकीच्या शब्दांत देऊन आपण पूर्ण यशाची अपेक्षा करू शकत नाही. दुसरा आक्षेप वेळेचा. पन्नास रुग्ण बाहेर ताटकळत असताना व्याख्यान कोण देणार? व्याख्यानाची गरजच नाही. नेमका शब्द हा नेहमी लांब असतो असे नाही. ‘रक्त साकळणे’ हे ‘रक्तात गुठळ्या होणे’ यापेक्षा आखूडच आहे.

सहा शब्दांचा संकेत

‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ असे म्हणतात. पिठल्याच्या न्यायाने पाहिले तर ‘गुठळी’ हा शब्द खरे म्हणजे समूहनाला शोभतो. पण लोकांनी तो साकळलेल्या रक्ताला देऊन टाकला आहे. तो आता परत मागू नये. त्याऐवजी आपल्या मंडळाच्या सभासदांनी बोलण्यात आणि लिहिण्यात पुढील साधा संकेत पाळावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

समूहनासाठी ‘पेशी एकमेकींना चिकटणे’ म्हणावे. रक्तपेढीच्या संदर्भात ‘रक्त जुळणे’ व ‘न जुळणे’ हेच ठेवावे. क्लथनासाठी ‘रक्त साकळणे’ हा जुना, अस्सल शब्द वापरावा; हिंदी भाषकांशी बोलताना ‘खून जमना’ ठीक, पण मराठीत ‘रक्त जमणे’ टाळावे. ‘गुठळी’ हा शब्द फक्त रक्तवाहिनी बंद करणाऱ्या साकळलेल्या रक्तासाठी राखावा, आणि ती कोठे आहे हे लगेच सांगावे. वाहिनी फुटली असेल तेथे ‘रक्तस्राव होऊन रक्त साचले’ असेच म्हणावे, गुठळी किंवा गाठ म्हणू नये. आणि ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हद्दपार करून ‘गुठळी रोखणारी गोळी’ रूढ करावी. प्रयोगशाळांनी प्रत्येक शेऱ्यापुढे ‘नळीत’ की ‘शरीरात’ हे लिहावे.

अर्धांगाच्या रुग्णाला घरी पाठविताना एका चिठ्ठीवर मराठीत आणि हिंदीत एकच वाक्य लिहून द्यावे : ‘वाहिनी बंद झाली होती’ किंवा ‘वाहिनी फुटली होती’. आजाराची तारीख आणि चालू गोळ्यांची नावे त्याच्याखाली. ही चिठ्ठी रेशनकार्डाबरोबर जपण्यास सांगावे. समाजबांधवांनीही डॉक्टरांना निःसंकोच विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, बंद झाली की फुटली?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो घरातील माणसाच्या जिवाशी निगडित आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास दोन शब्द पुरतात.

भाषेची शुद्धी हा पंडितांचा विषय मानून आपण तो आजवर बाजूला ठेवला. रक्ताच्या बाबतीत तरी तो आपल्या रोजच्या कामाचा भाग आहे. औषध लिहिताना आपण मिलिग्रॅमचा काटा पाहतो. ते औषध कशासाठी, हे सांगतानाही तोच काटा हाती धरावा, एवढीच विनंती.